फोटो कुठे ठेवायचे, हे रिस्टोअर करणाऱ्याला विचारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्वतःची वेबसाइट स्वतः उभारू पाहणाऱ्यांसाठी आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत जो लेख आला होता, त्यात ‘फोटो डेटाबेसमध्येच ठेवा, म्हणजे सगळे एका ठिकाणी राहते’ असा सल्ला होता. (डेटाबेस म्हणजे साइटची माहिती टेबलांत, ओळी-ओळींनी ठेवणारी व्यवस्था.) पुढच्या आठवड्यात त्यावर एका वाचकाचे पत्र आले. डेटाबेसमध्ये फोटो ठेवणे हा अडाणीपणा आहे, त्याने साइट रांगायला लागते, फोटो हे फाइल म्हणूनच ठेवायचे असतात, असे त्यांचे म्हणणे. दोघांचा आवेश सारखाच. मला दोघांचेही पटले नाही, आणि त्याचे कारण माझ्या कामात आहे. मी डेटाबेसचे बॅकअप घेते आणि वेळ आली की ते परत उभे करून देते, म्हणजे रिस्टोअर करते. कार्यालयात मला ‘बॅकअपवाल्या बाई’ म्हणतात. हुद्दा यापेक्षा भारदस्त आहे, पण लोकांनी ठेवलेले नाव जास्त अचूक आहे. साइट बांधणारे बांधतात आणि पुढच्या कामाला निघून जातात. त्यांनी फोटो कुठे ठेवले त्याचे परिणाम माझ्या टेबलावर येऊन पडतात, आणि बहुधा रात्रीच.

आधी वेगाचे बोलू, कारण पत्रलेखकांचा सारा भर त्यावर आहे. डेटाबेस हळू आणि फाइल जलद, इतके ते सरळ नाही. २००६ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातून रसेल सिअर्स, कॅथरीन व्हॅन इंजेन आणि जिम ग्रे यांनी नेमका हाच प्रश्न मोजून पाहिला होता. एका बाजूला एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, दुसऱ्या बाजूला विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था. वस्तू २५६ किलोबाइटपेक्षा लहान असतील तर डेटाबेस बरा, १ मेगाबाइटपेक्षा मोठ्या असतील तर फाइल बरी, आणि मधल्या पट्ट्यात त्या किती वेळा बदलल्या जातात त्यावर अवलंबून, असे त्यांना आढळले. जिम ग्रे हे डेटाबेस आणि ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतात, नाहीतर एकही होत नाही, अशी हमी) यांवरच्या कामासाठी १९९८चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला मानाचा पुरस्कार, मिळालेले गृहस्थ. म्हणजे मोठ्या वस्तू बाहेर ठेवा असे सांगणारा माणूस डेटाबेसच्याच घरातला होता. उलट बाजूचे उदाहरण एसक्यूलाइटचे, म्हणजे सगळे एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या छोट्या डेटाबेसचे. दहा किलोबाइटच्या आसपासची थंबनेल (फोटोंच्या लहान प्रती) सुट्या फाइलींमधून वाचण्यापेक्षा आपल्या एकाच डेटाबेस-फाइलमधून वाचणे सुमारे ३५ टक्के जलद होते, असे त्यांच्या निर्मात्यांनी स्वतः मोजून जाहीर केले आहे.

यातले आकडे पाठ करू नका. २००६ची डिस्क फिरती होती आणि तेव्हाचा एसक्यूएल सर्व्हरही आजचा नव्हता. आकड्यांमागचे कारण मात्र तेच राहिले आहे. फाइल उघडायला आणि बंद करायला ठरावीक खर्च येतो, मग ती पाच किलोबाइटची असो की पाच मेगाबाइटची. लहान वस्तूंच्या बाबतीत हा खर्चच जास्त होतो, मोठ्यांच्या बाबतीत तो जाणवतही नाही. त्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती, जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. साठवण नवी असताना काढलेले आकडे आणि अनेक वेळा पुसून-लिहून झाल्यावरचे आकडे वेगळे येतात, कारण वस्तूंचे तुकडे डिस्कभर विखुरतात. कोऱ्या सर्व्हरवर दुपारभर चाचणी घेऊन छातीठोक निर्णय देणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

पत्रलेखकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते, ती त्यांनी स्वतः सांगितली नाही. फोटो फाइल म्हणून असेल तर एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला, ‘सेंडफाइल’ची आज्ञा देतो आणि बाइट थेट नेटवर्ककडे जातात, मधल्या कुठल्या प्रोग्रॅमला ते हातात घ्यावे लागत नाहीत. फाइल शेवटची कधी बदलली हे सर्व्हरला आपोआप माहीत असते, त्यामुळे ब्राउझरने ‘माझ्याकडची जुनी प्रत चालेल का?’ असे विचारले की तो ३०४ एवढा आकडा पाठवून मोकळा होतो. डेटाबेसमधून फोटो द्यायचा तर हे सगळे आपल्या प्रोग्रॅममध्ये लिहावे लागते, आणि बरेच जण ते लिहीतच नाहीत. शिवाय प्रत्येक फोटो वाचून होईपर्यंत डेटाबेसचे एक कनेक्शन अडकते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे दोन प्रचलित डेटाबेस. मूळ मांडणीत, म्हणजे कोणी काही बदलले नसेल तर, पोस्टग्रेस १०० कनेक्शन देते, मायएसक्यूएल १५१. एका पानावर चाळीस फोटो असले आणि थोडे लोक एकदम आले, की खरीखुरी माहिती विचारणारे रांगेत आणि फोटो पुढे, अशी स्थिती होते. स्मृतीचेही तसेच. पोस्टग्रेस मूळ मांडणीत १२८ मेगाबाइटचा सामाईक बफर, म्हणजे हाताशी लागणाऱ्या माहितीची जागा, ठेवते. त्यात सतत लागणारे इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणाऱ्या सूच्या) बसावेत ही अपेक्षा असते. तिथे फोटो येऊन बसले की इंडेक्स बाहेर पडतात.

पण हे सगळे बोलून झाल्यावर लोक पुढे सीडीएन, म्हणजे फोटोंच्या प्रती ठेवून त्या परस्पर देणारे सर्व्हर, उभे करतात, बहुतेक फोटो तिथल्या कॅशेतून जातात, मूळ सर्व्हरला क्वचितच कोणी विचारते, आणि वेगाच्या वादातला बराचसा जीव निघून जातो. म्हणूनच मला तो वाद कंटाळवाणा वाटतो.

आता माझ्या टेबलाकडे येते.

डेटाबेसचा साधा बॅकअप म्हणजे डंप. आतले सगळे काही एका फाइलमध्ये ओतून काढायचे. पोस्टग्रेसच्या साध्या मजकुरी डंपमध्ये फोटोचा प्रत्येक बाइट दोन अक्षरी हेक्स (सोळा चिन्हांच्या पद्धतीतल्या) आकड्याने लिहिला जातो, म्हणजे फोटोंचे आकारमान दुप्पट. मायएसक्यूएलमध्ये हेक्सचा पर्याय दिला की तिथेही तेच. दाबून लहान करता येते, पण त्यालाही प्रोसेसर आणि वेळ लागतो. खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेला फोटो आज रात्री पुन्हा ओतला जातो, उद्या पुन्हा, परवा पुन्हा. फाइली असत्या तर आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रॅमने फक्त नव्या उचलल्या असत्या. बदललेलाच भाग घेणारे बॅकअप डेटाबेसमध्येही असतात. पोस्टग्रेसमध्ये तशी सोय २०२४च्या १७व्या आवृत्तीपासून अंगभूत आली आहे. पण स्वतःची साइट स्वतः उभारणारा तुमचा वाचक होस्टिंगच्या पॅनेलमधले ‘एक्स्पोर्ट’चे बटण दाबणार आहे, आणि ते बटण सगळेच ओतते. एक दिवस डंप अर्ध्यावर थांबतो, कारण होस्टने ठरवलेली वेळेची मर्यादा संपते. अर्धवट डंपच्या फाइलचे नाव आणि पूर्ण डंपच्या फाइलचे नाव यांत काही फरक नसतो.

आणि मग तो परत आणायचा. समजा मजकूर, वापरकर्ते, व्यवहार मिळून २ गिगाबाइट आहेत आणि फोटो २०० गिगाबाइट. फोटो बाहेर असतील तर मी आधी २ गिगाबाइट उभे करते. थोड्याच वेळात साइट चालू होते, लोक आत येऊ शकतात, मजकूर वाचू शकतात, फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात आणि त्या एकेक करून भरत जातात. कोणी तक्रार करत नाही असे नाही, पण काम सुरू झालेले असते. तेच फोटो डेटाबेसच्या आत असतील तर सहसा २०२ गिगाबाइट पूर्ण झाल्याशिवाय काहीच चालू होत नाही. साइट कधी येणार असे सगळे विचारत असतात आणि माझ्याकडे सांगायला फक्त एक सरकणारी पट्टी असते. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. आधी काय उभे करायचे हे ठरवण्याची मुभा माझ्या हातातून गेलेली असते, आणि ती ज्याने घालवली त्याला तसे काही करत असल्याचे ठाऊकही नव्हते. तुमच्या लेखकाने ‘सगळे एका ठिकाणी’ हा फायदा म्हणून सांगितला आहे. तो फायदा आहेच, लहान साइटला. एक एसक्यूलाइटची फाइल, तिच्यात मजकूर आणि काही शे लहान चित्रे, बॅकअप म्हणजे त्या एका फाइलची नीट घेतलेली प्रत. असे कोणी करत असेल तर मी त्याला अडवणार नाही, शाबासकी देईन.

मोठ्या डेटाबेसमध्ये पुसण्याचीही कथा आहे. पोस्टग्रेस साधारण २ किलोबाइटपेक्षा मोठी ओळ आली की तिच्यातली मोठी माहिती बाजूच्या एका टेबलात सुमारे दोन-दोन हजार बाइटचे तुकडे करून ठेवते, म्हणजे ३ मेगाबाइटच्या एका फोटोचे दीड हजारांवर तुकडे. फोटो बदलला की नवे तुकडे लिहिले जातात, जुने मृत म्हणून पडून राहतात. पुढे व्हॅक्युम ही सफाईची आज्ञा त्यांची जागा पुन्हा वापरण्यायोग्य करते, पण डिस्कला ती सहसा परत मिळत नाही. परत मिळवायची तर व्हॅक्युम फुल चालवायचे, आणि ते चालू असेपर्यंत टेबलाला कुलूप. ‘आम्ही निम्मे फोटो काढून टाकले तरी डिस्क तेवढीच भरलेली कशी?’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण सांभाळणाऱ्या भागातही पुसल्याने टेबलाची फाइल लहान होत नाही.

इथवर वाचून पत्रलेखक खूश झाले असतील. त्यांनी थांबावे. फाइलवाल्यांची पापे मी जास्त जवळून पाहिली आहेत, कारण बहुतेक साइट फाइलवाल्याच असतात.

पहिले पाप नावांचे. वापरणाऱ्याने दिलेले नाव जसेच्या तसे ठेवायचे, ही कल्पना कोणाला सुचली कोण जाणे. कॅमेरे आणि फोन एकाच ठरीव पद्धतीने नावे देतात, त्यामुळे दोन माणसांचे फोटो एकाच नावाचे येतात आणि दुसरा पहिल्यावर बसतो. विंडोजवर इंग्रजीतल्या लहान-मोठ्या लिपीतले नाव एकच धरले जाते, लिनक्सवर नाही. लॅपटॉपवर दिसणारा फोटो सर्व्हरवर गायब होतो. देवनागरी नावांची गंमत आणखी वेगळी. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत आपल्या लिपीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून ८५ चिन्हे. बातमीचा मथळाच नाव म्हणून देणाऱ्यांना ती पुरत नाहीत. शिवाय ‘दऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि त्यापुढे नुक्ता (खालचा टिंब) म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नाव साठवताना त्यातल्या अशा चिन्हांचे तुकडे करत असे. तिथून फाइली लिनक्सवर आणल्या, डेटाबेसमध्ये मात्र एकसंध ऱ राहिला, की डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावे एकमेकांना ओळखत नाहीत. हे शोधायला अख्खी रात्र जाऊ शकते.

दुसरे पाप आयनोडचे. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल-व्यवस्थेत प्रत्येक फाइलला एक आयनोड (तिची नोंद ठेवणारी जागा) लागतो आणि त्यांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते, सहसा दर १६ किलोबाइटमागे एक. ज्या साइटवर एकेका फोटोची सहा-सात मापे काढून ठेवली आहेत आणि त्यातली बरीचशी चार-पाच किलोबाइटची आहेत, तिथे जागा संपण्याआधी आयनोड संपतात. सर्व्हर म्हणतो जागा नाही, डिस्क दाखवते की निम्मी रिकामी आहे. एका संस्थेत यावर नवी डिस्क मागवण्याचा प्रस्ताव सहीपर्यंत गेला होता. ‘डीएफ’ या आज्ञेपुढे ‘आय’ लावून पाहा एवढेच मी सांगितले. न लागणारी थंबनेल पुसली आणि काम भागले.

तिसरे पाप सर्वांत मोठे, आणि इथे तुमच्या लेखकाचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. डेटाबेसमधली ओळ आणि डिस्कवरची फाइल यांना एकत्र बांधणारे ट्रान्झॅक्शन नसते. ओळ आहे पण फोटो नाही, फोटो आहे पण ओळ नाही, असे दोन्ही घडते. यातला दुसरा प्रकार निरुपद्रवी, नुसती जागा खातो. पहिला लोकांना दिसतो. म्हणून क्रम पाळायचा. फोटो आधी तात्पुरत्या नावाने लिहायचा, तो खरोखर डिस्कवर उतरल्याची एफसिंक या आज्ञेने खात्री करायची, मग त्याच डिस्कवर नाव बदलून जागेवर न्यायचा, आणि सगळ्यात शेवटी डेटाबेसमध्ये ओळ घालायची. पुसताना बरोबर उलटे: आधी ओळ जाते, फाइल नंतर सावकाश. झाडलोट करणारी स्क्रिप्ट रात्री फिरते आणि ओळ नसलेल्या फाइली काढते; पण एक दिवसापेक्षा नव्या फाइलींना तिने हात लावायचा नाही, कारण त्यांची ओळ अजून वाटेत असू शकते. बॅकअपलाही हाच नियम. आधी डेटाबेस, मग फाइली. असे केले की डंपमधल्या प्रत्येक ओळीची फाइल नंतरच्या प्रतीत सापडते, आणि सापडतील त्या जास्तीच्या फाइलींनी काही बिघडत नाही. क्रम उलटा केला तर मधल्या वेळात आलेले फोटो ओळीपुरतेच उरतात. हे दोन परिच्छेदांत लिहून होणारे शहाणपण आहे, तरी मी पाहिलेल्या बहुतेक साइटवर दोन्ही बॅकअप दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, सोयीच्या वेळी लावलेले असतात.

नावांच्या पापावर आणि इतरही बऱ्याच दुखण्यांवर एक औषध आहे. फोटोचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्याच्या बाइटांवरून गणिताने निघणारी ओळखखूण, काढायचा आणि तेच फाइलचे नाव करायचे. चौसष्ट हेक्स अक्षरांचे कुरूप नाव होते, पण ते कोणाच्याही नावाशी भांडत नाही. पहिल्या दोन अक्षरांचे एक फोल्डर, पुढच्या दोन अक्षरांचे त्याच्या आतले दुसरे. २५६ गुणिले २५६ म्हणजे ६५,५३६ फोल्डरांत फाइली समान वाटल्या जातात. गिट हे प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन आपल्या वस्तू पहिल्या दोन अक्षरांच्या फोल्डरात ठेवते, विकिपीडियाचे सॉफ्टवेअरही फाइलच्या नावाच्या एमडी५ हॅशवरून चित्रांची फोल्डरे ठरवते. मजकुराचा हॅश हेच नाव असले की तोच फोटो दहा जणांनी चढवला तरी एकदाच साठतो (मग एकाने पुसला म्हणून बाकी नऊ जणांचा जाऊ नये, हे मात्र पाहावे लागते). या नावाखालचा फोटो कधी बदलूच शकत नाही, म्हणून ब्राउझरला ‘वर्षभर विचारू नकोस’ असे बिनधास्त सांगता येते. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे: रिस्टोअर झाल्यावर प्रत्येक फाइलचा हॅश पुन्हा काढून नावाशी ताडून पाहिला की एकही बाइट हलला आहे का ते कळते. फोटो ‘परत आले’ असे म्हणणे आणि ‘तसेच्या तसे परत आले’ असे म्हणणे यांतले अंतर मी आयुष्यात पुष्कळदा चालले आहे.

डेटाबेसमध्ये मग काय ठेवायचे? हॅश, माप, प्रकार, कोणी चढवला, कधी, मूळ नाव काय होते. पूर्ण वेब-पत्ता ठेवू नका. वर्डप्रेस हे साइट बांधण्याचे सॉफ्टवेअर लेखाच्या मजकुरात चित्राचा अख्खा पत्ता डोमेनसकट लिहून ठेवते, आणि डोमेन बदलले की हजारो लेखांत शोधा-बदला करत बसावे लागते. नुसती हॅशची किल्ली ठेवली तर उद्या फोटो एका डिस्कवरून दुसरीकडे, किंवा २००६च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या ॲमेझॉनच्या एस३सारख्या साठवणीत नेताना एका ठिकाणी एक ओळ बदलावी लागते.

मग फोटो डेटाबेसच्या आत कधी ठेवावा? माझे उत्तर असे की तो फोटो स्वतःच नोंद असेल तेव्हा. करारावरची सही, ओळख पटवणारा अंगठा, पावतीची लहानशी प्रत. आकार लहान, संख्या बेताची, आणि ओळीशिवाय त्याला अर्थ नाही. तिथे ओळ आणि चित्र एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलेले असणे ही गरज आहे, आणि पुसले की ओळीसोबत चित्रही गेले पाहिजे. खासगी कागदपत्रांची आणखी एक भीती असते. फाइलवाले ती सर्रास उघड्या फोल्डरात ठेवतात आणि पत्त्यातला आकडा एकने वाढवला की शेजाऱ्याचे ओळखपत्र दिसते. डेटाबेसमध्ये असते तर निदान प्रोग्रॅमच्या दारातून जावे लागले असते. अर्थात फाइलही वेबच्या फोल्डराबाहेर ठेवून, आधी परवानगी तपासून मग एनजिनएक्सला ‘ही दे’ असे सांगता येते, आणि तसेच करावे. चढवलेल्या ‘फोटो’त प्रोग्रॅम दडलेला असू शकतो हेही फाइलवाल्यांनी विसरू नये, त्या फोल्डरात काहीही चालवण्याची परवानगी सर्व्हरला नसावी.

दोन्हीचा मेळ घालायचे प्रयत्न डेटाबेसवाल्यांनी स्वतःही केले आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८पासून फाइलस्ट्रीम आहे. फोटो डिस्कवर फाइल म्हणूनच राहतो, पण ट्रान्झॅक्शन आणि बॅकअप डेटाबेसच्या ताब्यात. चांगली सोय आहे. फक्त त्या घरातून बाहेर पडायचे ठरवले की सामान उचलताना जड जाते. मोंगोडीबी या डेटाबेसचे ग्रिडएफएस फोटोचे २५५ किलोबाइटचे तुकडे करते. आणि फोटो बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, मजकुराच्या कॉलममध्ये कोंबणाऱ्यांबद्दल मी इतकेच म्हणेन की आकार एकतृतीयांशाने वाढतो आणि बदल्यात काहीच मिळत नाही.

‘पण फेसबुक काय करते?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, म्हणून त्याचेही. त्यांनी २०१०मध्ये हेस्टॅक नावाच्या आपल्या व्यवस्थेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हा त्यांच्याकडे २६० अब्ज चित्रे होती, २० पेटाबाइटहून जास्त. सुट्या फाइली त्यांना परवडेनात, कारण फोटो वाचण्याआधी फाइल कुठे आहे हे शोधण्यातच डिस्कच्या फेऱ्या जात होत्या. त्यांनी डेटाबेस घेतला नाही. असंख्य फोटो एकामागोमाग एक अशा प्रचंड फाइलींमध्ये रचले आणि कुठला फोटो कुठून सुरू होतो याची यादी स्मृतीत ठेवली, दर फोटोमागे सरासरी १० बाइटमध्ये. सुंदर काम आहे, मी ते आवडीने वाचले. पण ज्याच्याकडे दहा हजार फोटो आहेत त्याने त्यावरून स्वतःसाठी काही ठरवण्यासारखे त्यात नाही.

शेवटी एक दुरुस्ती, आणि खरे तर हे पत्र लिहायला बसले ती याच्यासाठी. आपल्या लेखातल्या नमुन्याच्या टेबलात फोटोच्या कॉलमचा प्रकार ‘ब्लॉब’ (बायनरी लार्ज ऑब्जेक्ट) असा दिला आहे. मायएसक्यूएलमध्ये ब्लॉब फक्त ६५,५३५ बाइट धरतो. नाव मोठे भासते, पण त्यात फोनचा एकही धड फोटो मावत नाही. मीडियमब्लॉब १६ मेगाबाइट धरतो, लाँगब्लॉब ४ गिगाबाइट. ५.७ आवृत्तीपासून मूळ मांडणीच कडक असल्याने असा फोटो घालताना स्पष्ट चूक दाखवली जाते. त्याआधीच्या मांडणीत, किंवा कोणी कडकपणा बंद केला असेल तर आजही, सर्व्हर फोटो ६५,५३५ बाइटवर कापतो, एक इशारा नोंदवतो आणि काम झाले असे सांगतो. तो इशारा वाचणारा प्रोग्रॅम मी अजून पाहिलेला नाही. एका ठिकाणी असे फोटो बराच काळ साठत गेले होते. जेपीजी सहसा वरून खाली उलगडत जाते, त्यामुळे वरचा भाग ठीक दिसायचा आणि खाली करडा पट्टा. लोकांना वाटे नेटवर्क खराब आहे, पान पुन्हा उघडा. तक्रार माझ्याकडे आली तेव्हा मला जुन्या बॅकअपमधून ‘चांगले’ फोटो काढून द्यायला सांगण्यात आले. सगळे बॅकअप उत्तम होते. प्रत्येकात तेच अर्धे फोटो होते, कारण पूर्ण फोटो त्या सर्व्हरवर कधी उतरलेच नव्हते. लोकांना मूळ फोटो पुन्हा मागावे लागले आणि ज्यांनी फोन बदलले होते त्यांचे मिळाले नाहीत.

आपल्या लेखातला नमुना जसाच्या तसा उतरवून घेणारे वाचक असतील, म्हणून पुढच्या अंकात ‘ब्लॉबऐवजी मीडियमब्लॉब वाचावे, आणि मॅक्स अलाउड पॅकेट ही मर्यादाही फोटोच्या आकाराप्रमाणे तपासावी’ एवढी दुरुस्ती ठळकपणे छापावी. ज्यांनी आधीच तसे टेबल केले आहे त्यांच्यासाठी शोधण्याची युक्तीही द्यावी: ज्या ओळींत फोटोची लांबी नेमकी ६५,५३५ भरते, ते सगळे फोटो कापलेले आहेत असे समजावे. पत्र लांबले आहे, याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर बाकीचे गाळा आणि हा शेवटचा परिच्छेद छापा.

आपली विश्वासू,
एक डेटाबेस प्रशासक
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)